एकाच अक्षरजोडीचे इंग्रजी शब्द : भावकी कोणती आणि नुसते आडनाव कोणाचे

आपण लिहिले आहे की दहावीत शिकणाऱ्या आपल्या मुलीने इंग्रजी शब्दांची वही अक्षरांनुसार लावली आहे. एका पानावर के-एन या अक्षरांनी सुरू होणारे शब्द, दुसऱ्यावर डब्ल्यू-आरचे, तिसऱ्यावर टी-डब्ल्यूचे, पुढे जी-एच असलेले, आणि प्रत्येक शब्दापुढे मराठी अर्थ. ती रोज वीस शब्द पाठ करते, पण आठवड्याने त्यांतले चार-पाचच उरतात आणि त्यांचेही अर्थ एकमेकांत मिसळतात. रिस्टचा अर्थ ती सुरकुती सांगते आणि रिंकलचा मनगट. ही पद्धत सोडून द्यावी का, असा आपला प्रश्न आहे.

माझे उत्तर असे की वही ठेवावी, पाने मात्र पुन्हा लावावीत. मी एकतीस वर्षे मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवले आणि त्यांतली पहिली सात-आठ वर्षे अशाच याद्या फळ्यावर लिहून दिल्या. मुले त्या इमानाने उतरवून घेत, चाचणीत बरोबर लिहीत आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर विसरून येत. दोष त्यांच्या स्मरणशक्तीचा नव्हता. सारख्या दिसणाऱ्या आणि सारख्या ऐकू येणाऱ्या वीस गोष्टी एकाच बैठकीत डोक्यात घातल्या की त्या एकमेकींना पुसून टाकतात. अक्षरे सारखी आहेत एवढ्यावर शब्द लक्षात राहत नाही; त्या सारख्या अक्षरांच्या मागे सारखा अर्थही असेल, तरच तो अर्थ टांगायला खुंटी मिळते. इंग्रजीत अशा खुंट्या पुष्कळ आहेत, फक्त त्या ओळखाव्या लागतात. एखाद्या गावात एकाच आडनावाची चाळीस घरे असतात. त्यांतली काही खरोखर एका मूळपुरुषाची, भावकीतली असतात आणि काहींचे नुसते आडनाव तेवढे तेच असते. शब्दांचे अगदी तसेच आहे. वहीच्या पानावर आधी भावकी लिहायची आणि नुसत्या आडनावाचे शब्द खाली वेगळे ठेवायचे, एवढाच बदल मी सुचवीत आहे.

एक सूचना आधीच देतो. या उत्तरात मी शब्द देवनागरीत लिहीत आहे, त्यामुळे न उच्चारली जाणारी अक्षरे डोळ्यांना दिसणार नाहीत. जिथे गरज आहे तिथे ती मी फोडून सांगेन. मुलीने मात्र वहीत शब्द रोमन लिपीतच लिहावेत. 'नाइफ' असे देवनागरीत उतरवले की त्यातला के गळून पडतो आणि ज्या अक्षरासाठी ते पान काढले तेच हरवते.

सुरुवात डब्ल्यू-आरपासून करतो, कारण गोंधळ तिथेच झाला आहे. हा धडा मी वर्गात ओल्या पंचाने शिकवीत असे. बादलीतून पंचा काढायचा, दोन मुलांनी दोन टोके धरायची आणि उलट दिशांना पीळ द्यायचा. हे पिळणे म्हणजे रिंग, डब्ल्यू-आर-आय-एन-जी. अंगठी किंवा घंटेचा नाद सांगणाऱ्या रिंगमध्ये डब्ल्यू नाही, कारण तिथे पीळ नाही. पंचा पिळताना हाताचा जो भाग वळतो तो रिस्ट, म्हणजे मनगट; वळणे या अर्थाच्या जुन्या क्रियापदापासून हा शब्द आला आहे, म्हणजे मनगट हा हाताचा वळणारा भाग. पिळून सोडलेल्या पंचावर ज्या वळ्या राहतात त्या रिंकल, आणि माणसाच्या कातडीवर त्याच आल्या की आपण त्यांना सुरकुत्या म्हणतो. एका मुलाने पंचाला हिसडा देऊन तो दुसऱ्याच्या हातातून ओढून घेतला तर ते रेस्ट, ज्याच्या आरंभी डब्ल्यू आहे. विश्रांतीच्या रेस्टला डब्ल्यू नाही. त्यावरून दोघांची अंगाला अंग भिडून झोंबी झाली तर ते रेसल, म्हणजे कुस्ती. नटबोल्ट पिळून काढणाऱ्या पान्याला आणि जोराने मुरगळण्याला रेंच हा एकच शब्द आहे. पाने-फुले गोल वळवून केलेले पुष्पचक्र म्हणजे रीथ, वेदनेने अंग पिळवटणे म्हणजे राइद, आणि नापसंतीने वाकडे केलेले तोंड सांगायला राय हे विशेषण आहे. हे सगळे शब्द एका भावकीतले आहेत आणि पीळ हा त्यांचा मूळपुरुष आहे.

या घराण्यातला सर्वांत मोठ्या मानाचा शब्द मात्र मुलांना तिथे दिसत नाही. तो म्हणजे राँग, चुकीचे. स्कँडिनेव्हियातून इंग्लंडात आलेल्या लोकांच्या भाषेतून हा शब्द इंग्रजीत आला आणि त्याचा मूळ अर्थ वाकडे, पिळलेले असा होता. रिंगशी त्याचे थेट नाते आहे. मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही, कारण आपणही चुकीच्या वागण्याला वाकडे पाऊल म्हणतो आणि बोलणे बिघडले की कोणीतरी वाकड्यात शिरला असे म्हणतो. उलट राइट, म्हणजे बरोबर, या शब्दाचा मूळ अर्थ सरळ असा आहे आणि आपला 'ऋजु' त्याच मुळाचा आहे. बरोबर आणि चूक यांसाठी इंग्रजीने निवडलेले शब्द मुळात सरळ आणि वाकडे हेच आहेत.

आता याच पानाच्या खालच्या भागात कोण बसेल ते पाहू. राइट, म्हणजे लिहिणे, हा डब्ल्यू-आरचा सर्वांत ओळखीचा शब्द, पण तो पिळाच्या भावकीतला नाही. त्याचा मूळ अर्थ ओरखडणे, कोरणे असा आहे. लाकडावर किंवा दगडावर टोकदार हत्याराने ओरखडे काढणे हेच सुरुवातीचे लिहिणे होते. संस्कृतातील 'लिख्' या धातूचाही पहिला अर्थ ओरखडणे, खरवडणे असाच आहे, आणि शिलालेख या शब्दात तो अजून ताजा आहे. हे दोन शब्द एकमेकांचे नातेवाईक नाहीत, पण दोन वेगळ्या भाषांनी एकाच कामावरून आपापला शब्द घडवला, हे मुलांना सांगितले की राइटचा डब्ल्यू ती सहसा विसरत नाहीत. रेन नावाचा छोटा पक्षी आणि गुंडाळणे या अर्थाचा रॅप हे दोघेही खालीच राहतील. रॅप पिळाच्या जवळचा वाटतो खरा, पण तसे मूळ त्याला लावता येत नाही, आणि जे सिद्ध नाही ते वहीत भावकी म्हणून लिहू नये.

टी-डब्ल्यूचे पान माझ्या मते सर्वांत सुरेख आहे. टू, म्हणजे दोन, यात डब्ल्यू कशासाठी, असे दरवर्षी कोणीतरी विचारीत असे, आणि त्या प्रश्नाची मी वाट पाहत असे. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'ट्वा' असा उच्चारला जाई. पुढे त्यातला स्वर बदलत 'ऊ'पर्यंत आला, आणि ओठ गोल करून म्हणायच्या त्या स्वराला चिकटलेला, ओठ गोल करूनच म्हणायचा 'व' त्यात विरघळून गेला. सोर्ड, म्हणजे तलवार, या शब्दातला डब्ल्यूही असाच गेला. लिहिण्यात तो राहिला, आणि जिथे पुढे वेगळा स्वर आहे तिथे तो आजही स्वच्छ ऐकू येतो. ट्वाइस म्हणजे दोनदा. ट्विन म्हणजे जुळ्यांपैकी एक. ट्वेंटी म्हणजे दोन दहा. ट्वेल्व्ह या शब्दाची घडण 'दोन उरले' अशी आहे, म्हणजे दहा मोजून झाल्यावर दोन शिल्लक. तसेच इलेव्हन म्हणजे 'एक उरला'. बिट्वीन म्हणजे दोहोंच्या मध्ये. ट्वायलाइटमधील लाइट म्हणजे उजेड आणि ट्वाय म्हणजे दोन. दिवस आणि रात्र या दोहोंच्या सांध्यावरचा हा उजेड, आणि मराठीतला संधिप्रकाश हा शब्दही सांधाच सांगतो.

या दोनाची खरी मौज सुताच्या आणि दोराच्या शब्दांत आहे. दोर वळणारा माणूस दोन पेड घेतो आणि एकावर एक वळतो. म्हणून दोन पेडांची सुतळी ती ट्वाइन आणि पेडांना दिलेला वळ तो ट्विस्ट. ट्विल हे कापडाचे नाव आपल्याकडे शिंप्यापासून गणवेशाच्या दुकानापर्यंत सर्वांना ठाऊक आहे; त्या शब्दाचा अर्थ 'दोन धाग्यांचे' असा आहे. आपल्याकडे भरतकामाच्या कापडाला दुसुती म्हणतात, तोही शब्द दोन सुतांवरूनच बनला आहे. विणीची रीत वेगळी आहे, नाव ठेवण्याची रीत मात्र तीच. जीन्सचे डेनिम हे ट्विलच्याच विणीचे कापड आहे, आणि त्यावर बारकाईने पाहिले तर तिरप्या रेघा दिसतात. त्या दाखवण्यासाठी मी एखाद्या मुलाला त्याच्या पँटचा दुमडलेला काठ उलटून पाहायला सांगत असे. ट्वीड या लोकरी कापडाचे नावही ट्विलच्या स्कॉटलंडमधील रूपाच्या चुकीच्या वाचनातून रूढ झाले असे मानतात, आणि तिथल्या ट्वीड नदीच्या नावामुळे ते टिकायला मदत झाली.

ट्वेन हे दोनचेच एक जुने रूप आहे. मिसिसिपी नदीत आगबोटीवरून पाण्याची खोली मोजताना दोन वाव पाणी मिळाले की खलाशी 'मार्क ट्वेन' अशी हाळी देत. वाव म्हणजे सहा फूट, तेव्हा १२ फूट पाणी, आगबोटीला पुरेसे. अमेरिकन लेखक सॅम्युअल क्लेमेन्स यांनी स्वतः त्या नदीवर आगबोटी चालवल्या होत्या, आणि १८६३ पासून त्यांनी तीच हाळी टोपणनाव म्हणून घेतली. १८९६ च्या जानेवारीत ते व्याख्यानांच्या दौऱ्यात मुंबईतही आले होते.

इथे मराठी मुलाच्या हातात एक किल्ली आहे, जी इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलाकडेही नसते. आपण पाढे म्हणताना 'बे एके बे, बे दुणे चार' म्हणतो. हा 'बे' आणि 'दुणे' दोन्ही संस्कृतातील 'द्वि'च्या घरचे आहेत. 'द्व'मधला द टिकला तेव्हा दोन, दुसरा, दुपार, दुहेरी, दुभंग असे शब्द झाले, आणि द गळून व चा ब झाला तेव्हा बारा, बावीस, बत्तीस, बावन्न झाले. इंग्रजीत द च्या जागी ट आला. हा बदल एकट्या शब्दात झालेला नाही, नियमाने झाला आहे: दश आणि टेन, दंत आणि टूथ, द्वि आणि टू. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये हा आणि असेच इतर बदल नीट मांडले, म्हणून त्यांना ग्रिमचा नियम म्हणतात. लॅटिनमध्ये मात्र आपल्या 'बारा'सारखीच गोष्ट घडली, तिथेही 'द्व'चा ब झाला, आणि त्यातून बायसिकलमधला 'बाय' इंग्रजीत आला. पाढ्यातला बे, सायकलचा बाय आणि टूमधला मुका डब्ल्यू हे तिन्ही एकाच घरचे आहेत, हे मी फळ्यावर काढून दाखवले की मागच्या बाकावरची मुलेही मान वर करून बघत.

ट्विंकल म्हणजे लुकलुकणे, ट्वीट म्हणजे चिवचिव, ट्वीक म्हणजे चिमटा घेणे किंवा हलकासा बदल करणे, ट्विच म्हणजे स्नायूचे फुरफुरणे. यांत दोन कुठेही नाही. ते पानाच्या तळाशी जातील.

के-एनचे पान थोडे वेगळे आहे. नी म्हणजे गुडघा, नाइफ म्हणजे सुरी, नो म्हणजे जाणणे, नाइट म्हणजे सरदार-योद्धा. या सर्वांतला के पूर्वी स्पष्ट उच्चारला जाई, आणि जर्मन भाषेत गुडघ्याला आजही 'क्नी' असेच म्हणतात. इंग्रजीत सतराव्या शतकाच्या सुमारास तो उच्चारातून गेला. इंग्लंडचे पहिले मुद्रक विल्यम कॅक्स्टन यांनी वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला तो १४७६ मध्ये, म्हणजे के अजून बोलला जात होता त्या काळात. छापील स्पेलिंगे हळूहळू गोठत गेली आणि उच्चार पुढे निघून गेले. इंग्रजीतील पुष्कळशा मूक अक्षरांचे कारण हेच आहे, आणि ते समजले की मुले स्पेलिंगला लहरी म्हणणे थांबवतात.

या पानावर एक ओळ संस्कृतची लिहून घ्यावी. ग्रिमच्याच नियमाने मूळच्या ग चा इंग्रजीत क झाला, आणि संस्कृतात कित्येक शब्दांत त्याच ग चा ज झालेला दिसतो. म्हणून गुडघ्यासाठी आपल्याकडे जानु आणि त्यांच्याकडे नी. आजानुबाहू या शब्दातला जानु तो हाच, ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोहोचतात तो. नील, म्हणजे गुडघे टेकणे, हा नीपासूनच. आणि 'ज्ञा', ज्यावरून आपले ज्ञान आणि जाणणे हे दोन्ही शब्द आले, त्याचाच इंग्रजी भाऊ नो. मराठीत जाण, जाणता, जाणीव असे शब्द आहेत. इंग्रजीत नॉलेज म्हणजे ज्ञान, अक्नॉलेज म्हणजे जाणून मान्य करणे, पोच देणे. ज-ण आणि के-एन अशी ही जोडी एकदा डोळ्यांसमोर ठेवली की नॉलेजच्या आरंभीचा के विसरला जात नाही.

ग्रीक आणि लॅटिनमध्ये हा ग बदलला नाही, म्हणून तिथून आलेल्या इंग्रजी शब्दांत जी-एन दिसतात. इग्नोरंट म्हणजे अज्ञ; 'इ' हा नकार आणि पुढे 'ग्नो', जसे आपल्याकडे 'अ' आणि 'ज्ञ'. इग्नोर म्हणजे आता दुर्लक्ष करणे, पण मुळात न जाणणे. रेकग्नाइज म्हणजे पुन्हा जाणणे, ओळखणे. डायग्नोसिस म्हणजे लक्षणांतून रोग ओळखणे, निदान. अग्नॉस्टिक म्हणजे अज्ञेयवादी, आणि हा मराठी शब्द इंग्रजी शब्दाच्या प्रत्येक भागाशी जुळतो. पण नॉ म्हणजे कुरतडणे आणि नॅट म्हणजे चिलट, यांच्या आरंभीही जी-एनच आहेत आणि त्यांचा ज्ञानाशी काही संबंध नाही. हे मूळचेच इंग्रजी शब्द आहेत आणि त्यांतला जी नुसता मुका झाला आहे.

के-एनमध्ये आणखी एक लहान गट आहे, तो गाठीचा: नॉट म्हणजे गाठ, निट म्हणजे विणणे, जो नॉटपासूनच बनला, नॉब म्हणजे दाराची गोल मूठ, नकल म्हणजे बोटाच्या सांध्यावरचा उंचवटा, नोल म्हणजे छोटी टेकडी. सगळ्यांत काहीतरी गोल, घट्ट, वर आलेले आहे. हे सर्व एकाच मुळाचे आहेत असे कोशकार मानत नाहीत, तेव्हा इथे नात्यापेक्षा आकाराची आठवण पुरे. मुठी वळून कणीक तिंबताना नकल वर येतात, आणि त्या तिंबण्याला नीड म्हणतात, के-एन-ई-ए-डी. गरज सांगणाऱ्या नीडला के नाही.

नाइट आणि नेव्ह या दोन शब्दांवर मी नेहमी थोडा वेळ थांबत असे. दोघांचाही मूळ अर्थ मुलगा, पोऱ्या असा. पोऱ्याचा हरकाम्या झाला, आणि तिथून दोन वाटा फुटल्या: धन्याबरोबर घोड्यावर बसून लढाईला जाणारा तो नाइट झाला आणि मान मिळवून गेला, तर नेव्हचा अर्थ घसरत घसरत लबाड माणूस असा झाला. जर्मनमध्ये नाइटचा भाऊ 'क्नेख्त' हा आजही गडी, नोकर याच अर्थाने आहे. आपल्याकडेही गडी हा शब्द शेतावरच्या नोकराला लावतात, खेळातल्या भिडूला लावतात आणि 'काय तडफेचा गडी आहे' असे कौतुकानेही म्हणतात. आपली मुलगी बुद्धिबळ खेळत असेल तर तिला विचारा की डाव लिहिताना घोड्यासाठी एन का लिहितात. स्पेलिंगचे पहिले अक्षर के आहे, पण ते राजाने, म्हणजे किंगने, आधीच घेतलेले आहे.

जी-एचचे पान मुलांना सर्वांत अवघड जाते, कारण तिथे उच्चार कुठे लोपतो आणि कुठे फ होतो. नाइट म्हणजे रात्र, एट म्हणजे आठ, डॉटर म्हणजे मुलगी यांत तो मुका. लाफ म्हणजे हसणे, कफ म्हणजे खोकणे, रफ म्हणजे खरखरीत यांत तो फ. मुळात या सर्व ठिकाणी घशातून घासून निघणारा, 'ख'सारखा एक ध्वनी होता. जर्मनमध्ये रात्रीला 'नाख्त' आणि आठाला 'आख्त' म्हणतात त्यात तो अजून ऐकू येतो. संस्कृतशी ताडून पाहिले तर नाइटसमोर नक्त, एटसमोर अष्ट, डॉटरसमोर दुहिता आणि 'हलका' या अर्थाच्या लाइटसमोर लघु असे शब्द उभे राहतात. नक्त हा शब्द व्रतांच्या नावांत आपल्याकडे टिकला आहे, दिवसभर उपवास करून रात्री जेवण्याचे व्रत. आणि दुहिता गोव्यात कोकणी बोलणाऱ्या घरांतून 'धूव' या रूपात रोज हाक मारली जाते. या पानाचा नियम एवढाच की जिथे जी-एच-टी एकत्र येतात तिथे जी-एच जवळजवळ नेहमी मुके असतात, आणि फ चा उच्चार फक्त मोजक्या शब्दांच्या शेवटी होतो. ते सात-आठ शब्द वेगळे लिहून पाठच करावेत.

या पानावर काही पाहुणेही आहेत. डिलाइट, म्हणजे आनंद, हा फ्रेंचमधून आला, त्याचा उजेडाशी संबंध नाही; लाइट पाहून लोकांनी त्यात जी-एच घातले. घोस्ट, म्हणजे भूत, यातला एच छापखान्यातून आला असे मानतात, कारण कॅक्स्टन आधी फ्लँडर्समध्ये, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागात, छापखाना चालवून आले होते आणि तिथल्या स्पेलिंगची सवय सोबत आली. आणि घी, घाट, घेराव हे शब्द इंग्रजी कोशात जी-एचने लिहिलेले सापडतील. तिथे ती अक्षरे आपला घ आहेत, दुसरे काही नाही.

जी-एल आणि एस-एन यांची पाने असतील तर त्यांना वेगळ्या नजरेने पाहावे लागेल. ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लिमर हे चकाकीचे शब्द आणि ग्लान्स, ग्लेअर हे नजरेचे. स्नोअर म्हणजे घोरणे, स्निफ म्हणजे हुंगणे, स्नॉर्ट म्हणजे फुरफुरणे, स्नाउट म्हणजे मुस्कट, सगळे नाकाचे. सर्वांचे मूळ एक नाही, पण कानाला ते एका कुळाचे वाटतात आणि बोलणारे नवा शब्द घडवतानाही त्याच सुरात घडवतात. मराठीत चिकट, चिखल, चीक, चिवट, चिकचिक हे शब्द एकामागे एक म्हणून पाहावेत. 'चि' ऐकताच बोटांना काहीतरी चिकटल्यासारखे होते. स्नीझ, म्हणजे शिंकणे, याची कथा खास आहे: पूर्वी त्याच्या आरंभी एस नव्हता, एफ होता, एफ-एनने सुरू होणारे शब्द भाषेतून गेले आणि जुन्या लिपीतील लांब एस एफसारखाच दिसत असल्याने हा शब्द एस-एनमध्ये येऊन बसला. नाकाच्या घरी तो शोभला आणि तिथेच राहिला. स्नेक मात्र साप, त्याला नाकाशी कर्तव्य नाही.

आता वहीविषयी. एका पानावर दहा-बारापेक्षा अधिक शब्द नकोत. वर भावकी, मध्ये रेघ, खाली नुसत्या आडनावाचे. भावकीच्या डोक्यावर मूळ अर्थ एका मराठी शब्दात लिहावा: पीळ, दोन, जाण. मग प्रत्येक शब्दापुढे अर्थ लिहिताना त्या डोक्यावरच्या शब्दाशी तो कसा जोडला आहे हे तिच्याच भाषेत अर्ध्या ओळीत लिहावे. 'मनगट' एवढे न लिहिता 'हाताचा वळणारा भाग, मनगट'. नाते लावण्यापूर्वी शब्दाची व्युत्पत्ती देणारा कोश उघडावा, कारण अंदाजाने लावलेली व्युत्पत्ती बहुधा चुकते आणि एकदा मनात बसली की निघत नाही. परीक्षेसाठी दिलेल्या शब्दातल्या अक्षरांपासून नवे शब्द बनवण्याची कृती असते, तिचा सराव या वहीत मिसळू नये. तिथे फक्त अक्षरांची जुळणी लागते आणि अर्थ विचारलेला नसतो. रोज नवे पान न घेता एक पान तीन दिवस ठेवावे, आणि तिसऱ्या दिवशी शब्द दाखवून अर्थ विचारण्याऐवजी अर्थ सांगून शब्द विचारावा: पिळणे, मुरगळणे, हिसकावणे, सुरकुती.

एक शब्द कोणत्याच पानावर बसणार नाही, तो तिला स्वतः शोधायला द्यावा. डाउट, म्हणजे शंका. त्यात बी आहे आणि तो कधीच बोलला जात नाही. फ्रेंचमधून हा शब्द आला तेव्हा त्यात बी नव्हता, लॅटिन मूळ दाखवण्यासाठी विद्वानांनी तो नंतर घातला. त्या लॅटिन शब्दाच्या पोटात दोन आहे, मन दोन ठिकाणी असणे. आपण द्विधा म्हणतो तेच. तिने कोशात हा दोन शोधून काढला की टी-डब्ल्यूच्या पानावर कडेला त्याची नोंद करायला सांगावे.

सुरुवात डब्ल्यू-आरच्या पानानेच करावी आणि पहिल्या दिवशी वही न उघडता बादली आणि पंचा घ्यावा. एक टोक आपण धरावे, दुसरे तिने. पीळ देताना मनगट कोणते आणि सोडल्यावर वळी कोणती, हे तिने आपल्याला इंग्रजीत सांगावे.